शेताचा निकाल आणि आपले निर्णय
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

हंगाम संपल्यावर मागे वळून पाहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, अशा अर्थाची बरीच पत्रं आली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : काढणी झाली की लगेच पुढच्या कामांची घाई असते. विचार करायला बसायचं कधी? आणि एकदा बसून पुरतं का?

एकदा बसून पुरत नाही, कारण दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांच्या वेळाही वेगळ्या. पुरावा गोळा करणं हे पहिलं. ते काढणीनंतर आठ-दहा दिवसांत, रान नांगरण्याआधी उरकावं लागतं. नांगर फिरला की धसकटं गेली, मुळं गेली, पाणी साचलेल्या जागेची खूणही गेली. पुढचं काय करायचं ते ठरवणं हे दुसरं. ते निदान तीन-चार आठवड्यांनी, बियाणं-खताची खरेदी सुरू होण्याआधी करावं. माल नुकताच तोललेला असताना घेतलेले निर्णय हमखास टोकाचे होतात. उतार (एकरी उत्पादन) चांगला आला तर सगळंच बरोबर होतं असं वाटतं, पडला तर वाणापासून पेरणीयंत्रापर्यंत सगळं बदलावंसं वाटतं. नोंद ताजेपणी, निकाल सावकाश.

पुराव्यासाठी शेताला एक फेरी पुरे, पण हातात फावडं हवं. पीक सर्वांत चांगलं होतं तिथे एक आणि सर्वांत कमी होतं तिथे एक, असे फूटभर खोल दोन खड्डे काढा. धसकट मातीसकट उचलून मुळांची दिशा बघा. मुळं सरळ खाली जाऊन दहा-पंधरा सेंटिमीटरवर एकदम आडवी वळली असतील तर खाली घट्ट थर आहे. तो बहुधा ओल्या रानात यंत्र घातल्याने किंवा दरवर्षी एकाच खोलीवर नांगरल्याने तयार होतो. अशा जागी खताचा डोस वाढवून काही साधत नाही. मुळं खताच्या खालच्या ओलीपर्यंत पोचलेलीच नसतात.

त्याच दोन जागी पाण्याची चाचणीही करून घ्या. १५ सेंटिमीटर व्यासाच्या पाइपाचा तुकडा सात-आठ सेंटिमीटर मातीत ठोका. मातीवर प्लास्टिकचा कागद अंथरून ४४० मिलिलिटर पाणी ओता आणि कागद अलगद ओढून घ्या. हा अडीच सेंटिमीटर पाण्याचा थर झाला. तो जिरला की तेवढंच पाणी पुन्हा ओता आणि दुसऱ्या वेळेचीच मिनिटं लिहा. पहिलं पाणी कोरडी माती भिजवण्यात जातं, त्यामुळे त्याची वेळ फसवी असते. पुस्तकातल्या आकड्याशी तुलना नको, आपल्याच दोन जागांशी करा. एकीकडे दहा मिनिटं आणि दुसरीकडे पाऊण तास लागत असेल, तर शोध कुठून सुरू करायचा ते समजलं.

प्रश्न : दर वर्षी डायरी आणतो, महिनाभरात ती बंद पडते. कमीत कमी काय लिहिलं तर उपयोग होईल?

डायरी बंद पडते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. ती घरात असते आणि काम शेतात. शिवाय तिच्यात रोज काही लिहायचं असं आपण ठरवलेलं असतं. रोज लिहिण्यासारखं शेतात घडतच नाही. खिशात मावेल अशी जाड पुठ्ठ्याची वही घ्या, प्रत्येक तुकड्याला चार पानं द्या आणि शिसपेन वापरा. दमट कागदावर बॉलपेन चालत नाही, शाईचं पेन पसरतं. मोबाइलवर बोलून ठेवलेल्या नोंदी सोप्या वाटतात खऱ्या, पण त्या पुन्हा ऐकायला कोणी बसत नाही. मोबाइलचा खरा उपयोग फोटोसाठी. बांधावर एक खुंटी ठोका, तिच्यावर २५-२५ सेंटिमीटरला रंगाने खुणा करा आणि त्याच जागेवरून, त्याच दिशेने पंधरा दिवसांनी एक फोटो घ्या. हंगामाअखेर सात-आठ फोटो ओळीने पाहिले की वाढ कुठल्या पंधरवड्यात अडकली ते दिसतं.

वहीत दोन प्रकारच्या नोंदी हव्यात. पहिला प्रकार घटनांचा: पेरणीची तारीख, वाण आणि पिशवीवरचा लॉट क्रमांक, एकरी बियाणं, त्या दिवशी वाफसा (पेरणीजोगी ओल) कसा होता, उगवण दिसली ती तारीख, पहिलं फूल, प्रत्येक फवारणीत काय, किती आणि कशासाठी, काढणीची तारीख, वजन. एका पानात सगळं बसतं. पेरलेल्या बियाण्याची मूठभर वानगीही चिठ्ठी घालून काढणीपर्यंत ठेवा. उगवण कमी झाली तर बियाणं दोषी की जमीन, हे तपासायला तीच कामी येते. ओल्या फडक्यात किंवा गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवले की आठवड्याभरात उत्तर मिळतं.

दुसरा प्रकार निर्णयांचा. तोच बहुतेक जण लिहीत नाहीत आणि आमच्या मते तोच जास्त मोलाचा. मोठा निर्णय घेतला की त्याच दिवशी तीन ओळी लिहा: काय केलं, का केलं, काय होईल असं वाटतं. उदाहरणार्थ, ‘आज पेरलं. ओल १० सेंटिमीटरपर्यंत आहे, आठवड्यात पाऊस येईल असा अंदाज आहे. उगवण ८ दिवसांत, ओळीत मोठे खाडे नसतील.’ एवढंच. या ओळी निकाल कळण्याआधीच लिहिलेल्या असाव्यात. निकाल कळल्यावर ‘मला हे आधीच वाटत होतं’ असं प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटतं. मानसशास्त्रज्ञ बरूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं. शेवट माहीत असलेल्यांना तो शेवट मुळातच जास्त संभाव्य वाटतो, आणि माहितीमुळे आपलं मत बदललंय हे त्यांना जाणवतही नाही. आधीची ओळ हातात नसेल तर मागे वळून पाहणं म्हणजे स्वतःलाच गोष्ट सांगणं होतं.

प्रश्न : यंदा सोयाबीनचा उतार पडला. घरात कोणी पावसाला दोष देतं, कोणी मला. खरं काय ते शोधायची पद्धत आहे का?

आहे, आणि ती शिकून घ्यावी अशीच आहे. उतार हा एकच आकडा नसतो. तो चार आकड्यांचा गुणाकार असतो: झाडांची संख्या, झाडावरच्या शेंगा, शेंगेतले दाणे आणि दाण्याचं वजन. हे चारही आकडे हंगामाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर ठरतात. त्यामुळे कुठला आकडा घसरला ते कळलं की पीक कधी बिघडलं तेही कळतं, आणि ‘कधी’ कळल्यावर ‘का’ शोधणं सोपं जातं.

झाडं मोजा. ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असेल तर ९ मीटर ओळ म्हणजे एकराचा हजारावा भाग. ६० सेंटिमीटरला ६.७५ मीटर, ९० ला साडेचार मीटर. तेवढी दोरी कापून घ्या, शेतात पाच-सहा ठिकाणी डोळे झाकून टाका, झाडं (काढणीनंतर धसकटं) मोजा आणि सरासरीला हजाराने गुणा. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरलं असेल तर दोरीत १८० झाडं अपेक्षित. समजा ११० निघाली, म्हणजे एकरी १ लाख १० हजार. हा आकडा पहिल्या तीन आठवड्यांतच ठरलेला असतो: बियाण्याची उगवण, पेरणीची खोली, ओल, वरची पापडी, रोपअवस्थेतली कीड-मर. नंतरच्या पावसाला त्यात बोलावता येत नाही. मात्र इथे घाईने निष्कर्ष नको. सोयाबीन फांद्या फोडून बरीच तूट भरून काढतं. झाडं सगळीकडे सारखी विरळ असतील तर नुकसान वाटतं त्यापेक्षा कमी होतं. सलग मीटर-मीटरचे खाडे मात्र भरून निघत नाहीत, त्या जागेत तणच माजतं.

पुढे, काढणीआधी दहा झाडं घेऊन शेंगा मोजा. झाडं पुरेशी आणि शेंगा कमी असतील तर फुलोरा आणि शेंगा धरण्याच्या काळात काय घडलं ते वहीत बघा. शेंगा भरपूर पण दाणे बारके, १०० दाण्यांचं वजन त्या वाणाच्या नेहमीच्या वजनापेक्षा कमी, तर दाणे भरण्याच्या काळातला पाण्याचा ताण, पानं लवकर गळणं किंवा त्या वेळची कीड-रोग यांच्याकडे बोट जातं. मक्यात हे कणसावरच वाचता येतं. टोकाचे दाणे भरले नसतील तर परागीकरणानंतर ताण पडला. कणसावर मधूनमधून दाणे गायब असतील तर परागीकरणच नीट झालं नव्हतं.

आता गुणाकार. १,१०,००० झाडं, ३० शेंगा, शेंगेत सरासरी २.३ दाणे आणि १०० दाण्यांचं वजन ११ ग्रॅम: एकरी सुमारे ८३५ किलो. वजनकाट्यावर ६४० आले तर मधले १९५ गेले कुठे? थोडा फरक नेहमीच राहतो, कारण नमुना निवडताना हात आपोआप बऱ्या झाडाकडे जातो. उरलेला काढणी-मळणीत गेला असणार. एक मीटर बाय एक मीटरची चौकट ठेवून जमिनीवरचे दाणे मोजा. चौकटीत १०० दाणे म्हणजे एकरी जवळजवळ ४५ किलो मातीत. काढणी उशिरा झाली, शेंगा तडकल्या, मळणीयंत्राचा वेग चुकला, ही कारणं पावसाच्या नावावर सर्रास खपून जातात.

ओलावाही धरायला विसरू नका. १८ टक्के ओलाव्याचे १,००० किलो दाणे १२ टक्क्यांवर वाळले की ९३२ किलो भरतात (१,००० × ८२ ÷ ८८). दोन वर्षांची तुलना करताना एका वर्षी ओलं आणि दुसऱ्या वर्षी वाळलेलं वजन धरलं, तर भांडण विनाकारण होतं.

शेतातल्या खराब पट्ट्यांचा आकारही बोलतो. निसर्गाला सरळ रेघ फारशी जमत नाही. पिवळेपणा समांतर पट्ट्यांत असेल आणि पट्टीची रुंदी पेरणीयंत्राच्या किंवा फवारणीच्या पट्ट्याएवढी भरत असेल, तर कुठलं तरी नळकांडं किंवा नोझल तुंबलं होतं. खोलगट भागात असेल तर पाणी साचलं. बांधालगत असेल तर झाडाची सावली, जनावरं किंवा बाहेरून शिरलेली कीड. वेडेवाकडे ठिपके मातीकडे किंवा मुळांच्या रोगांकडे नेतात. आणि शेजारच्या, तशाच जमिनीतल्या, त्याच आठवड्यात पेरलेल्या शेतांत सगळीकडे उतार पडला असेल तर हवामानाचा वाटा मोठा. फक्त तुमच्याकडे पडला असेल तर पावसाला सोडून द्या.

प्रश्न : अशी कारणं सापडली की चुका समोर येतातच. पण कधी कधी चुकीचं करूनही पीक चांगलं येतं. मग धडा कोणता घ्यायचा?

हा प्रश्न सगळ्यांत खोलातला आहे. निर्णय आणि निकाल यांना वेगवेगळे गुण द्या. चांगला निर्णय, वाईट निकाल हे शेतीत नेहमीचंच. वाफसा, बियाणं, खोली सगळं बरोबर आणि नंतर २५ दिवस पाऊस नाही. अशा वेळी पद्धत बदलण्याची गरज नसते. फार तर धोका वाटून घेण्याची असते: दोन टप्प्यांत पेरणी, दोन वेगळ्या कालावधीचे वाण.

धोकादायक आहे ती उलटी बाजू. पुरेशी ओल नसताना पहिल्याच सरीवर पेरलं आणि तिसऱ्या दिवशी पाऊस आला. बीजप्रक्रिया केली नाही आणि त्या वर्षी रोग आलाच नाही. पीक छान आलं, म्हणून तीच सवय पडते, आणि दोन-तीन वर्षांनी एकदाच सगळं वसूल होतं. कसोटी एकच: त्या दिवशी हातात जी माहिती होती तिच्यावर दहा वर्षं हाच निर्णय घेतला असता, तर किती वर्षं साधलं असतं? उत्तर ‘निम्म्याहून कमी’ असेल तर यंदाच्या उताराकडे पाहू नका. वहीत त्या निर्णयापुढे ‘दैवानं तरलो’ असं स्पष्ट लिहा. हे लिहायला जड जातं. बरंच शहाणपण मात्र याच ओळींतून येतं.

प्रश्न : हंगामाचा विषय काढला की भावाभावांत वाद पेटतो. बोलावं कसं?

बसण्याआधी पैशांची बोलणी दुसऱ्या दिवसावर ढकला. हिश्शाचा विषय आला की शेताचा विषय संपतो. अमेरिकी लष्करात १९७० च्या दशकापासून कवायतीनंतरच्या चर्चेसाठी वापरली जाणारी चार प्रश्नांची रीत घरातही चालते: काय ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढे काय करायचं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वहीतूनच वाचायची, आठवणीतून नाही. बोलण्याचा क्रम उलटा ठेवा. घरातला धाकटा आणि रोज शेतात राबणारा मजूर आधी, वडील आणि दादा शेवटी. मोठ्यांनी आधी मत दिलं की बाकीचे मान डोलावतात आणि नोझल तुंबल्याचं ज्याने पाहिलेलं असतं तो गप्प बसतो.

‘तू पेरणी लांबवलीस’ असं न म्हणता ‘पेरणी सहा दिवस लांबली, कशामुळे?’ असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा माणसात सापडत नाही, यंत्र वेळेवर मिळालं नाही यासारख्या गोष्टीत सापडतं. आणि ती पुढच्या वेळी आधी पक्की करता येते. पाऊण तासात उठा. बदल एकच ठरवा, फार तर दोन.

प्रश्न : ठरवलेला बदल खरंच उपयोगी पडला की नाही हे कसं कळणार?

अख्ख्या शेतात केला तर कळणारच नाही. पेरणीयंत्राच्या पूर्ण रुंदीच्या पट्ट्या आखा: एक नव्या पद्धतीची, शेजारी एक जुन्या पद्धतीची, अशा निदान तीन जोड्या. जोडीत नवी पट्टी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बांधाजवळच्या ओळी धरू नका. पट्ट्या जमिनीच्या उताराच्या दिशेने लांब काढा, म्हणजे वरची हलकी आणि खालची भारी जमीन दोघींच्या वाट्याला सारखी येईल. वजन पट्टीनिहाय वेगळं घ्या. तिन्ही जोड्यांत नवी पट्टी पुढे असेल तरच तिचं ऐका. दोनमध्ये पुढे आणि एकीत मागे असेल तर आणखी एक हंगाम थांबा.

जुन्या पद्धतीची पट्टी ठेवायला लोक कचरतात, तेवढं पीक वाया जाईल म्हणून. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे १८४३ पासून चाललेल्या गव्हाच्या प्रयोगात काहीच खत न दिलेला एक पट्टा आजही राखलेला आहे. तो आहे म्हणूनच बाकीच्या पट्ट्यांना अर्थ आहे.

प्रश्न : वडीलधारी माणसं अमुक झाड फुललं की तमुक कीड येते असं सांगतात. हे नोंदवावं का?

जरूर नोंदवा, पण तारखेसकट, आणि संकेत चुकला ती वर्षंही लिहा. जमलेली वर्षं लक्षात राहतात, फसलेली विरून जातात. म्हणूनच बरेच ठोकताळे आहेत त्यापेक्षा पक्के वाटतात. दर वर्षी तेच एक झाड धरा, पहिलं फूल उमललं तो दिवस लिहा आणि शेजारच्या रकान्यात कीड पहिल्यांदा दिसली तो दिवस. इंग्लंडमधल्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये अशाच साध्या तारखा लिहायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या.

असे संकेत का जमतात त्याचंही कारण आहे. झाडाचा फुलोरा आणि किडीची वाढ दोन्ही साठलेल्या उष्णतेवर बरीचशी अवलंबून असतात. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढून त्यातून त्या पिकाचं किंवा किडीचं पायाभूत तापमान वजा करायचं आणि रोज बेरीज करत जायचं. मक्यासाठी पाया १० अंश धरतात. ३२ आणि २० अंशांच्या दिवशी २६ वजा १०, म्हणजे १६ जमा. संकेत आणि ही बेरीज दोन्ही पाच-सहा वर्षं शेजारी लिहिलीत तर कशावर विसंबायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

प्रश्न : वाईट वर्षानंतर विचार थांबतच नाहीत. रात्रभर तेच, झोप नाही. हेही आत्मपरीक्षणच ना?

नाही. आढावा कागदावरच्या एखाद्या निर्णयाशी येऊन संपतो. डोक्यात फिरणारा विचार त्याच वाक्याशी परत येतो. रात्री वही उघडू नका. दिवसा, कोणी सोबत असताना, अर्धा तास बसा आणि पानाच्या मधोमध रेघ मारून एकीकडे आपल्या हातातलं, दुसरीकडे हातात नसलेलं लिहा. दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टींचा त्या दिवशी विचार करायचा नाही.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा कामातलं मन गेलं असेल तर डॉक्टरांना भेटा. हा आजार असतो आणि त्यावर उपचार असतात. जगणं नको असा विचार एकदाही आला तर तो त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका. घरच्यांनी कीटकनाशकं लगेच घराबाहेर, दुसऱ्या माणसाकडे किल्ली असलेल्या कुलपात ठेवावीत. त्या काही तासांत विष हाताशी नसणं, एवढ्यानेही जीव वाचतात.

प्रश्न : पावसाची नोंद बाटलीने घेतली तर चालेल का?

चालेल. सरळ भिंतींची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवा. तळ उंचसखल असतो, म्हणून सरळ भिंत सुरू होते तिथपर्यंत आधी पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. जमिनीपासून फूटभर उंच, डगमगणार नाही अशी बसवा. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजा आणि पुन्हा शून्यापर्यंत आणा. कडक उन्हात शून्याचं पाणीही उडतं, ते भरत राहा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी. पाऊस झाला नाही त्या दिवशीही वहीत शून्य लिहा. जागा कोरी सोडली तर पाऊस नव्हता की मोजायचं राहिलं, हे सहा महिन्यांनी सांगता येत नाही.